समुद्र बंद आहे, असं मी सांगितलं

अक्का,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. आधीच सांगून टाकते, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्याचीच काळजी पडली आहे. समोरच्या घरातल्या बाई रोज अकराच्या सुमारास येतात, माझा हात हातात घेऊन बसतात आणि म्हणतात, "शोभा, अळबेकु." रडायला पाहिजे म्हणे. मी त्यांना कॉफी करून देते. कॉफी पिऊन होते, कप विसळून ठेवतात आणि जातात. मी मागे कट्टा पुसते.

तेराव्यापर्यंत बरं चाललं होतं. माणसं होती, भांडी होती, कुणाला कुठं झोपवायचं हा प्रश्न होता. आता काही नाही. गेल्या रविवारी मी तुमच्या गोळ्यांचा डबा आठवड्याचा भरून ठेवला. सोमवार सकाळ, सोमवार दुपार, असं सगळं नीट. गुरुवारी तो तसाच भरलेला दिसला तेव्हा मला तुमचा राग आला. अक्कांनी चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, असंच आलं मनात. मग आठवलं. डबा अजून तिथेच आहे.

कोण गेलं, असं कुणी विचारलं की मी "नणंद" म्हणते. ते ऐकून समोरच्याचा चेहरा जरा सैल पडतो. आई, बहीण, नवरा यांच्यासाठी लोकांकडे वाक्यं तयार असतात, नणंदेसाठी नसतात. एकतीस वर्षं आपण एका घरात राहिलो. तुमच्या भावाशी मी जितकी बोलले असेन त्याच्या चौपट तुमच्याशी भांडले. हे त्या लोकांना कसं सांगायचं, म्हणून मी सांगत नाही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते. ते तुम्हाला कळलं होतं की नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात एकोणीस दिवस फिरत होतं. बाकी सगळं बधिर आहे, तेवढी एक जागा दुखते.

सुरुवात कॅलेंडरपासून झाली, आठवतं? दोन वर्षांपूर्वी किराणा दुकानातून आलेलं कॅलेंडर. त्याच्या मार्च महिन्यावर होन्नावरकडच्या त्या समुद्रकाठच्या सरकारी उद्यानाचं चित्र होतं. सुरूचं बन, त्यातून जाणारी लाकडी पायवाट, एका अंगाला खाडी आणि पुढे समुद्र. मार्च संपला तरी तुम्ही कुणाला पान उलटू देईनात. तुमचे बंधुराज एप्रिलमधल्या एका लग्नाचा वार मार्चच्या पानावर बघून गेले आणि तीन दिवस आधीच कार्यालयात जाऊन उभे राहिले. त्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "शोभे, आपण दोघीच जाऊन येऊया गं इथं. तो नको. इंजिनिअरला घेऊन समुद्राला जायचं म्हणजे प्रत्येक पुलाचे खांब मोजत जायचं."

मला वाटलं, काय मोठंसं आहे? दोन तिकिटं, चार कपडे, निघालं. पण तुमची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. आमच्या लेकीने, मेघनाने, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या महादेवपुऱ्याहून मुद्दाम येऊन मोबाईलवर तिथले फोटो दाखवले, लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पोरीला विचारलंत, "फोटोला प्रश्न विचारता येतो का?" आणि दुसऱ्या दिवशी कुठून तरी तिथल्या विश्रामगृहाचा नंबर मिळवलात.

पलीकडे मंजुनाथ होता, तिथल्या खोल्यांचं बुकिंग बघणारा. त्या माणसाला मी पाहिलेलं नाही, पण त्याची मला दया यायची. पायऱ्या किती आहेत? कठडा दोन्ही बाजूंना आहे की एकाच? बाकांना पाठ आहे का? त्या बाकावर बसल्यावर समुद्र दिसतो की पुढच्या बाकावरच्या माणसांची डोकी? एकदा तो खरोखर जाऊन पायऱ्या मोजून आला. तुम्ही खूश झालात आणि त्याला पुढचा प्रश्न विचारलात. दर पंधरा दिवसांनी तुमचं काही ना काही नवीन निघायचं. हळूहळू त्याच्या आईचे गुडघे, त्याच्या बायकोची बदली, हेसुद्धा तुमच्याकडून मला कळायला लागलं. मी म्हणायचे, "अक्का, आता तिथं जायची गरज काय? सगळं तर बघून झालं." तुम्ही म्हणायचात, "सुम्ने, उगाच बडबडू नको. माहिती घेतलेली बरी असते."

भांडणं तर किती. तुम्हाला राईस कुकर बरोबर न्यायचा होता, कारण तिकडे ज्या तव्यावर मासे त्याच तव्यावर आपला डोसा. मी म्हणाले, सरकारी खोलीत कुकर लावून आपण समुद्रकिनारी वरणभात खाणार का? तुम्ही म्हणालात, का, समुद्राला चालत नाही का वरणभात? मग तुम्हाला समुद्रातून सूर्य उगवताना बघायचा होता. आपला समुद्र पश्चिमेला आहे, तिथं सूर्य बुडतो, उगवत नाही, हे मी तुम्हाला बोटाने भिंतीवर नकाशा काढून सांगितलं. तुम्ही भिंतीकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू जाऊन बघितलंस का?" तो वाद तसाच राहिला. शेवटपर्यंत तुम्ही माघार घेतली नाहीत.

आणि तो ड्रेस. पाण्यात पाय बुडवायचे तर साडी भिजणार, म्हणून मी तुम्हाला मेट्रोने चिकपेटला घेऊन गेले. सलवार-कमीज म्हटल्यावर तुम्ही दुकानाच्या पायरीवरच थांबलात. "मी काय शाळेतली मुलगी आहे का?" शेवटी गडद निळा घेतला, तोही "घरात घालीन" या अटीवर. परत येताना गर्दीत तुमचा हात धरून चालताना मला तीस वर्षांपूर्वीची मी आठवले. त्याच पेठेत तुम्ही मला एकटीला पुढे घातलं होतं. कानडीची चार वाक्यं पढवून, स्वतः दहा पावलं मागे राहून. मी ब्लाऊजपीस मागितला आणि दुकानदाराने मला टॉवेल दाखवले. मी रडवेली होऊन मागे बघितलं, तर तुम्ही दुसऱ्याच दुकानाच्या काचेत बघत उभ्या. मदतीला आला नाहीत. तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. पण त्या दिवसानंतर मला या गावात कधी भीती वाटली नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही ते पुढची दहा वर्षं ऐकवलं असतंत.

एवढी तयारी होऊनही दोन वर्षं जाणं का झालं नाही, याला आपल्या घरात एका शब्दाचं उत्तर होतं. नाळेबा.

हा शब्द माझीच देणगी. लग्न होऊन राजाजीनगरात आले तेव्हा मला कानडी अक्षरं म्हणजे नुसती वेटोळी दिसायची. एका संध्याकाळी तुम्ही मला भाजीला घेऊन निघालात. गल्लीतल्या दारादारांवर खडूने काही लिहिलेलं. काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर तुम्ही वाचून दाखवलंत, "नाळे बा." मी फलटणकडची. जोतिबा, म्हसोबा, बिरोबा यांच्या नावानं वाढलेली. मला वाटलं, हा इकडचा नाळेबा. दारोदार नाव आहे म्हणजे चांगलाच जागृत असणार. मी चपला काढल्या आणि पहिल्याच दाराला मनोभावे हात जोडले.

तुम्ही पिशवीसकट रस्त्यात खाली बसलात. हसून हसून तुमच्या डोळ्यांना पाणी. मग सांगितलंत, कानडीत नाळे म्हणजे उद्या, बा म्हणजे ये. घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारणारं एक बाईचं भूत त्या दिवसांत गावात फिरतंय, अशी अफवा होती. दारावर "उद्या ये" लिहिलं की ते वाचून परत जायचं, आणि दुसऱ्या दिवशी आलं की पुन्हा तेच वाचायचं. त्या हाकेचा मी हल्ली विचार करते. तुमच्या आवाजात कुणी दारातून हाक मारली तर मी उघडीन का? उघडीन बहुतेक. घाबरेनही.

तेव्हापासून टाळाटाळीचा देव म्हणजे आपल्या घरात नाळेबा. गळका नळ, माळ्यावरची ट्रंक, तुमचं साखर सोडणं, सगळं नाळेबाच्या चरणी. समुद्राची सहलही तिथंच जमा व्हायची. एकदा तुमचा गुडघा, एकदा मेघनाचं घर बदलणं, एकदा तुमच्या भावाचा मोतीबिंदू. दर वेळी तुम्ही मंजुनाथला फोन करून तारीख पुढे ढकलायचात आणि कुकर परत वरच्या फळीवर जायचा.

डिसेंबरात मात्र सगळं जुळून आलं. सोमवारी सकाळच्या गाडीने निघायचं, खिडकीतून सकलेशपूरचा घाट बघायचा, चार दिवस राहायचं. नेमके त्याच दिवसांत तुमचे बंधुराज जुन्या मित्रांबरोबर धारवाडला जाणार होते. तुम्ही म्हणालात, बघ, कुणाच्या जेवणाचीसुद्धा काळजी नाही.

आणि तिथंच माझ्या मनात ते आलं. ते धारवाडला. तुम्ही समुद्रावर. मी जर गेले नाही, तर चार दिवस या घरात मी एकटी.

तुम्ही एकट्या जाणार नव्हतात हे मला कळत होतं, तरीही ते मनातून जाईना. अक्का, मी थकले होते. कशानं, ते सांगता येणार नाही. मोतीबिंदूचे थेंब, तुमच्या गोळ्या, कुणाला गरम तर कुणाला कोमट. त्यात तुमच्याबरोबर चार दिवस म्हणजे चार दिवस तुमचं ऐकणं. कुठला डबा कुठल्या पिशवीत, गाडीत चढायच्या आधी दोनदा बाथरूम, मग दिवसभर "शोभे, हे बघ" आणि "शोभे, ते बघ." मला नुसतं बसायचं होतं. कुणी हाक न मारता.

त्या बुधवारी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी मंजुनाथला फोन करून सांगितलं, आम्ही येत नाही. तुम्ही टॉवेल गुंडाळलेलं डोकं घेऊन बाहेर आलात. मी डाळ निवडत होते. वर न बघता म्हणाले, "अक्का, तिकडून फोन आला होता. समुद्र बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"लाटा फार आहेत म्हणे. लाल झेंडा लावलाय. आठवडाभर कुणाला सोडत नाहीत. मी खोली रद्द केली."

खोटं तरी धड बोलावं माणसानं. डिसेंबरात कसल्या लाटा? आणि मंजुनाथ तुमच्याऐवजी माझ्याशी कशाला बोलेल? तुम्ही पायऱ्या मोजून घेणाऱ्या. मी वाट बघत होते तुमच्या प्रश्नांची. एकही आला नाही. तुम्ही डोक्याचा टॉवेल सोडलात आणि म्हणालात, "सरी, ठीक. नाळेबाची इच्छा." मग स्टूल घेऊन कुकर वरच्या फळीवर ठेवायला गेलात. मी उठून तुमच्या हातातून तो घेतला नाही. एरवी तुम्हाला स्टुलावर चढू दिलं नसतं.

तुमचे बंधुराज धारवाडला गेले, परत आले. ते चार दिवस आपण दोघी घरातच होतो. तुम्ही खोलीत वाचत पडायचात. मला फार हाका मारल्या नाहीत. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण बरं वाटलं म्हणून मी खोलात गेले नाही.

त्या बुधवारनंतर अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. सकाळी भिजवलेले अवरेकाळू, पावट्याचे दाणे, सोलत बसला होतात, टीव्हीवर कानडी बातम्या चालू होत्या. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत आत उभी. तुम्ही एकदा "शोभे" म्हणालात. मी म्हटलं, "आले हं, स्वल्प थांबा." तीन शिट्ट्या झाल्यावर आले. रिक्षा, दवाखाना, कागद, सगळं झालं, पण ते सगळं नंतरचंच होतं. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तरी काही होण्यासारखं नव्हतं. तुमच्या भावाने ते दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात अर्ध्या सोललेल्या दाण्यांचं पातेलं तसंच होतं. आंबूस वास येत होता. मी ते टाकून पातेलं घासलं आणि पालथं घातलं.

त्या तीन शिट्ट्यांसाठी मी स्वतःला माफ केलंय, असं समजा. तशी हाक तुम्ही दिवसातून चाळीस वेळा मारायचात. पण समुद्राचं राहिलं. तुम्ही माझं खोटं ओळखलंत का? ओळखलं असेल, तर शेवटचे अकरा दिवस तुम्ही माझ्याबद्दल काय घेऊन या घरात बसला होतात? ताट वाढताना तुमच्या तोंडाकडे मी किती वेळा बघितलं असेन. तुम्ही नेहमीसारखं "मीठ कमी आहे" म्हणायचात. त्यावरून काय कळणार?

काल दुपारी तुमचा फोन वाजला. तो मी बंद केलेला नाही, देवघराशेजारी चार्जिंगला लावून ठेवलाय. कुणी नातेवाईक असेल, ज्याला कळलं नाही, म्हणून उचलला.

"अक्का, मंजुनाथ बोलतोय. संक्रांतीनंतरच्या सोमवारची खोली पक्की करायची होती. तुम्ही म्हणाला होतात, आधी एकदा फोन कर."

मी सांगितलं, अक्का गेल्या. तो "अय्यो" म्हणाला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, मी शोभा. मग म्हणाले, कसली खोली? आम्ही तर रद्द केली होती.

तो अवघडला. सांगू की नको असं त्याचं चाललेलं मला इकडे कळत होतं. मग सांगितलं. त्याच बुधवारी दुपारी तुम्ही त्याला फोन केला होता. समुद्र बंद आहे का, असं विचारलंत. त्याला हसू आलं. तो म्हणाला, अक्का, समुद्राला दार कुठं आहे बंद करायला? आजकाल तर पाणी ताटात ओतल्यासारखं शांत आहे.

"त्या हसल्या?" मी विचारलं.

"नाही. मग म्हणाल्या, शोभागे सुस्तागिदे." शोभा थकली आहे.

मी भिंतीकडे बघितलं. कॅलेंडर आता नवीन आहे, जानेवारीवर कसलं तरी देऊळ आहे. मंजुनाथ बोलत होता. तुम्ही त्याच फोनवर नवीन तारीख घेतली होती. समुद्राकडच्या बाजूची खोली. एकाच माणसासाठी. तो म्हणाला, मी विचारलं, अक्का, एकच? तुम्ही नाही येत? तर तुम्ही म्हणालात, "मी नाही. घरचं मी बघीन, भावाचं जेवणखाण आहे. तिला एकटीला येऊ दे. आणि हे बघ, तिला काही विचारायला जाऊ नकोस. चहा दाराबाहेर ठेव. ती बसेल तितकी बसू दे." मला हे तुम्ही संक्रांतीला तीळगूळ देताना सांगणार होतात म्हणे. आत्ता सांगितलं तर नाही म्हणेल, हेही तुम्ही त्याला सांगितलं होतंत.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. दुपारपर्यंतच कळलं होतं. खोटंही कळलं आणि खोट्याच्या आतलंही कळलं. मी स्वतःशीसुद्धा जे धड बोलले नव्हते, ते तुम्ही होन्नावरच्या माणसाला तीन वाक्यांत सांगून मोकळ्या झालात. त्या चार दिवसांत मला हाका मारल्या नाहीत त्या रुसून नव्हे. आणि मी इतके दिवस तुमच्या तोंडावर राग शोधत होते.

मंजुनाथने विचारलं, "काय करू शोभाम्मा? ठेवू की काढून टाकू?"

आत तुमचे बंधुराज झोपले होते. मेघना त्या आठवड्यात इथं येऊन राहील, तिला विचारलं तर ती एका पायावर हो म्हणेल. घर शांत होतं. त्या दुपारी कुणी मला काही मागत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. मी म्हणाले, ठेवा. येते.

त्याने विचारलं, एकट्याच ना?

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि मी तिथंच उभी राहिले. अक्का, मला चार दिवस हवे होते. चारच.